पर्यावरण-धोरणाची पाठ्यभाषा : प्रवरेच्या पाटावरून एक परीक्षण

१

महाविद्यालयीन शिक्षणात पर्यावरण हा विषय विद्यापीठांच्या स्वयंप्रेरणेने आला असे म्हणता येत नाही. तो न्यायालयाच्या आज्ञेने आला. एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जे निर्देश दिले, त्यांत शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर हा विषय शिकविला जावा असे सुचविले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे २००३ च्या सुमारास, विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक गाभा-अभ्यासक्रम सिद्ध केला. त्याचे आठ घटक व पन्नास तासिका होत्या. परीक्षेचे शंभर गुण. त्यांपैकी पंचाहत्तर लेखी उत्तरांना आणि पंचवीस क्षेत्रकार्याला. कायदे, धोरणे, पुनर्वसन, पाणलोट, पर्यावरणीय नीतिमूल्ये हा सारा भाग 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण' ह्या सहाव्या घटकात बसविला होता व त्यासाठी सात तासिका राखल्या होत्या. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट प्रसिद्ध केली. तीत हवामानबदल, आंतरराष्ट्रीय करार व शाश्वत विकास ह्यांना पूर्वीपेक्षा अधिक जागा मिळाली, हे मान्य केले पाहिजे.

दरम्यान ह्या विषयाचे प्रयोजनही बदलले. प्रारंभी तो केवळ जाणीव उत्पन्न करण्यासाठी होता. आता त्यावर उपजीविका करू इच्छिणारा विद्यार्थीवर्ग निर्माण झाला आहे. भांडवल-बाजारातील पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ ह्या आर्थिक वर्षापासून उत्तरदायित्व व शाश्वततेसंबंधी वार्षिक अहवाल देणे सेबीने बंधनकारक केले. राज्यात २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले आणि नगरपरिषदांना भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश ह्या पंचमहाभूतांच्या शीर्षकांखाली आपल्या कामाचा हिशेब मांडावा लागू लागला. प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्था, साखर कारखाने, नगरपरिषदा ह्या सर्वांना धोरण वाचू शकणारा व लिहू शकणारा पदवीधर हवा आहे. तेव्हा हा अभ्यासक्रम अशा पदवीधराला खरोखर घडवितो काय, हा प्रश्न आता औपचारिक राहिलेला नाही.

ह्या प्रश्नाचे परीक्षण शिक्षणशास्त्राच्या किंवा विज्ञानाच्या अंगाने होऊ शकेल. प्रस्तुत लेखात ते भाषेच्या अंगाने केले आहे. आणि त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी तालुक्यातले देवळाली प्रवरा हे गाव समोर ठेवले आहे. ह्या निवडीस कारण आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि ह्या पट्ट्यातील शेती, पीक, ऋण, सहकार व राजकारण ह्या सर्वांची घडी पाटाच्या पाण्याने नव्याने बसली. नदीच्या पलीकडे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचेच पुत्र माधव गाडगीळ ह्यांनी पुढे लोकांच्या भाषेत जैवविविधतेच्या नोंदी ठेवण्याचा विचार देशापुढे मांडला. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ ह्याच तालुक्यात आहे. ज्या गावच्या विद्यार्थ्याला पर्यावरण-धोरण ही दूरची वस्तू वाटू नये, असे एखादे गाव दाखवावयाचे झाल्यास ते हेच होय. तरीही तेथील विद्यार्थ्याच्या हाती जी पाठ्यभाषा पडते, ती त्याला आपल्या बांधावरचे धोरण ओळखू देत नाही. असे का व्हावे, हे पाहावयाचे आहे.

२

प्रथम परिभाषेचा विचार करू. तीन शब्द पुरेसे आहेत : पर्यावरण, शाश्वत आणि समन्यायी.

'पर्यावरण' हा शब्द 'परि' आणि 'आवरण' ह्यांच्या संधीने झाला. त्याची घडण निर्दोष आहे. परंतु शब्दाची घडण मनात एक चित्र उभे करते. आवरण म्हणजे वेष्टन. ते कशाच्या तरी बाहेर असते. आत माणूस व बाहेर पर्यावरण, असे हे चित्र होय. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील व्याख्या मात्र ह्याहून निराळी आहे. पाणी, हवा व जमीन एवढेच सांगून ती थांबत नाही. ह्यांचे परस्परांशी, तसेच मानव, इतर प्राणी, वनस्पती, सूक्ष्मजीव आणि मालमत्ता ह्यांच्याशी असलेले संबंध ती व्याख्येत घेते. म्हणजे कायद्याने संबंध हा पर्यावरणाचा घटकच मानला. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि शब्दाच्या चित्राने विचार करतो. त्यामुळे मालमत्ता हा शब्द व्याख्येत कशासाठी आला, हा प्रश्न त्याला पडत नाही. वास्तविक देवळालीच्या विद्यार्थ्याला तो सर्वांत आधी पडावयास हवा. पाटाखाली आलेल्या जमिनीची किंमत वाढते, आणि अतिपाण्याने ती चोपण झाली म्हणजे उतरते, हे त्याच्या घरातले ज्ञान आहे.

दुसरा शब्द 'शाश्वत' हा अधिक विचार करावयास लावणारा आहे. 'शश्वत्' म्हणजे नेहमी, अखंड. त्यावरून शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही ते. मराठी वाचकाच्या कानात हा शब्द शतकानुशतके अध्यात्माच्या व्यवहारातून आलेला आहे. देह अशाश्वत, संसार अशाश्वत. शाश्वत ते एक परमतत्त्व. असा शब्द 'विकास' ह्या नामाला विशेषण म्हणून जोडला की अट लोपते आणि आश्वासन उरते. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने केलेली व्याख्या ही मुळात अट आहे. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात. पण पुढील पिढ्यांची स्वतःच्या गरजा भागविण्याची क्षमता उणावू देऊ नये, असा तिचा आशय. इंग्रजीतील मूळ शब्दाच्या तळाशी असलेले लॅटिन क्रियापद 'खालून धरून ठेवणे' असा अर्थ देते. जर्मन भाषेतील समानार्थी शब्दाचा इतिहास तर याहून बोलका आहे. सॅक्सनीच्या खाणींना लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा पडू लागला, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स ह्या खाण-अधिकाऱ्याने १७१३ मध्ये वनविद्येवर ग्रंथ लिहिला व जंगल टिकून राहील अशा बेताने त्याच्या वापराचा विचार त्यात मांडला. म्हणजे ही कल्पना जन्मली ती अविनाशी तत्त्वाच्या चिंतनातून नव्हे, तर संपत आलेल्या साठ्याच्या हिशेबातून.

ह्या हिशेबाला मराठीत शब्द नाही काय? आहे, आणि तो घरोघरी आहे. 'पुरवून वापरणे' हा तो शब्दप्रयोग. धान्य पुरवून वापरावे, सरपण पुरवून जाळावे, विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवून उपसावे. ह्या प्रयोगात साठा मर्यादित आहे ही जाणीव आहे, पुढच्या काळाची गणना आहे आणि वापरणाऱ्याचा संयम आहे. व्याख्येची तिन्ही अंगे एका क्रियापदात आली आहेत. 'झेपणे' आणि 'पेलणे' ही क्रियापदेही ह्याच कुळातली. जमिनीला झेपेल एवढेच पीक, विहिरीला पेलेल एवढाच उपसा. आता विशेष असा की ह्याच 'पुरविणे' धातूपासून शासनव्यवहारात 'पुरवठा' हे नाम आले. पाणीपुरवठा, वीजपुरवठा, धान्यपुरवठा. धातूचे दोन अर्थ होते : एक, आणून देणे, दुसरा, आहे ते पुरेल असे करणे. शासनाच्या भाषेने पहिला घेतला व दुसरा सोडला. धोरणाच्या इतिहासात मागणीच्या नियमनापेक्षा पुरवठ्याच्या वाढीवर जो भर राहिला, त्याची खूण शब्दाच्या इतिहासात अशी उमटलेली आहे. शब्दाने धोरण घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु धोरणाचा कल शब्दात वाचता येतो, हे मात्र निश्चित.

'शाश्वत विकास' हा शब्द आता रूढ झाला आहे व तो बदलावा असे सुचविण्याचा हेतू नाही. रूढ झालेली संज्ञा मोडून नवी घडविल्याने व्यवहारात गोंधळ मात्र होतो. 'हवामान' हा एकच शब्द रोजची हवा आणि दीर्घकालीन हवा अशा दोन्हींसाठी चालू असता राज्याच्या विभागाने 'वातावरणीय बदल' असे नाव घेतले, वृत्तपत्रांनी 'हवामानबदल' चालू ठेवला आणि विद्यार्थी दोहोंत अडकला. अपेक्षा एवढीच आहे की, संज्ञा शिकविताना तिच्याशेजारी घरचे क्रियापद ठेवले जावे. संज्ञेने परीक्षेचे उत्तर लिहिता येते. क्रियापदाने विचार करता येतो.

३

तिसरा शब्द 'समन्यायी' हा ह्या परीक्षणाचा मध्यबिंदू होय, कारण तो थेट प्रवरेच्या पाण्यावर येऊन उभा राहतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये झाला. त्याच्या कलम १२ मधील सहाव्या उपकलमात अशी तरतूद आहे की, खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील टंचाईची झळ न्याय्य रीतीने वाटली जावी, म्हणून ऑक्टोबरअखेरीस सर्व जलाशयांतील वापरण्याजोग्या पाण्याचे प्रमाण, खरिपातील वापर हिशेबात धरून, जवळजवळ सारखे राहील असे नियंत्रण करावे. गोदावरीच्या खोऱ्यात ह्या तरतुदीचा अर्थ असा झाला की, वरच्या अंगाच्या नगर व नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून पैठणच्या जायकवाडी जलाशयात पाणी सोडावे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघालेल्या आदेशात एकूण ८.६०३ अब्ज घनफूट पाणी सोडावयाचे ठरले. त्यांपैकी मुळा समूहातून २.१० आणि प्रवरा समूहातून ३.३६ अब्ज घनफूट. राहुरी तालुक्यातील शेतकऱ्याला ह्या दोन्ही आकड्यांचा अर्थ आवर्तनांच्या भाषेत तत्काळ कळतो.

लोकव्यवहारात ह्या तरतुदीला 'समन्यायी पाणीवाटप' असे नाव पडले. शब्द सुबक आहे. परंतु त्यातील 'सम' ह्या पूर्वपदाने एक घोटाळा केला. सम म्हणजे सारखे. आणि न्याय तर बहुधा सारखेपणात नसून गरजेच्या, उपलब्धतेच्या व पूर्वापार वापराच्या तारतम्यात असतो. कायद्यात सारखेपणा मागितला आहे तो जलाशयातील प्रमाणाचा. तो साधावयाचा ज्यासाठी, ते प्रयोजन टंचाईची झळ वाटून घेण्याचे आहे. 'समन्यायी' ह्या शब्दात साधन दिसते व प्रयोजन दिसेनासे होते. परिणाम असा की, वरचा शेतकरी 'आमचे हक्काचे पाणी नेले' असे म्हणतो, खालचा 'आमचे हक्काचे पाणी अडविले' असे म्हणतो, आणि दोघेही पाण्याच्या वाटणीविषयी बोलतात. टंचाईच्या वाटणीविषयी कोणीच बोलत नाही. कायद्यातील अत्यंत मौलिक कल्पना ती हीच. आणि मराठीत तिचे नाव लोकांपर्यंत पोहोचले नाही.

हे येथे विशेष खेदाचे आहे, कारण पाटाच्या बोलीत ही कल्पना अपरिचित नाही. 'शेजपाळी' हा शब्द घ्या. चारीवरील शेतकऱ्यांनी ठरलेल्या क्रमाने, शेजाऱ्यामागून शेजाऱ्याने, आपापल्या पाळीला पाणी घ्यावयाचे, अशी ही रीत. शब्दात शेजार आहे आणि पाळी आहे. म्हणजे मागचा-पुढचा कोण आणि केव्हा, हे दोन्ही आहे. पाणी कमी आले तर पाळीचा काळ लांबतो व ती झळ चारीवरच्या सर्वांना लागते. कायद्याने खोऱ्याच्या पातळीवर जे मागितले, तेच शेजपाळी चारीच्या पातळीवर मागते. पाठ्यपुस्तकाने हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले असते, तर देवळालीचा विद्यार्थी पैठणच्या शेतकऱ्याला चारीच्या शेपटाकडचा शेजारी म्हणून ओळखू शकला असता.

४

परिभाषेपेक्षाही गंभीर दोष वाक्यरचनेत आहे. धोरणाच्या मराठीतील आवडते क्रियारूप म्हणजे 'करण्यात यावे'. पाण्याचा अपव्यय टाळण्यात यावा, जनजागृती करण्यात यावी, सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यात यावी, अशा धर्तीची वाक्ये शासननिर्णयात असतात. तेथे त्यांना काही कारण तरी आहे. आदेश देणारा पदनामाने खाली सही करतो. पाठ्यपुस्तकांनी आणि उत्तरपत्रिकांनी ही रचना जशीच्या तशी उचलली, तेव्हा सही गळाली आणि कर्ता मुळीच उरला नाही. टाळावा कोणी? प्रक्रिया कोणी करावी? खर्च कोणी सोसावा? ह्या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच धोरण. आणि नेमकी तीच ह्या रचनेत अनुच्चारित राहू शकतात.

ह्याच्या उलट पाटावरची वाक्ये पाहावीत. रात्रीची दारे कोणी धरली, पाटकऱ्याने चारी केव्हा सोडली, कोणाची पाळी चुकली, वरच्याने पाणी कोठे फोडले, ह्यांत कर्त्यावाचून वाक्य उभेच राहत नाही. ह्या बोलीचे व्याकरण उत्तरदायित्वाचे व्याकरण आहे. शासकीय नावांतही हाच बदल झालेला दिसतो. 'पाटबंधारे' ह्या नावात पाट आणि बंधारा ह्या डोळ्यांना दिसणाऱ्या, माणसांनी बांधलेल्या वस्तू होत्या. त्या विभागाचे नाव 'जलसंपदा' झाले. संकल्पना व्यापक झाली हे खरे. परंतु संपदेला दरवाजा नसतो, आणि तो उघडणारा हातही नसतो.

५

एवढ्यावरून बोलीत सर्व ज्ञान आहे आणि पुस्तकांत काहीच नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. पाटाच्या बोलीला स्वतःच्या मर्यादा आहेत. 'चिबड' आणि 'चोपण' हे शब्द तिच्याजवळ आहेत. जमीन बिघडल्याचे लक्षण ती अचूक सांगते. परंतु अतिसिंचनाने भूजलाची पातळी कशी वर येते, क्षार मुळांपाशी कसे साचतात आणि निचऱ्यावाचून ते का जात नाहीत, ही कारणपरंपरा मृद्विज्ञानाने दिली. जमिनीखालच्या पाण्याची मालकी बोली विहिरीच्या मालकाकडे देते. एकाच जलधरातून शंभर विहिरी पाणी ओढतात, हे तिला दिसत नाही. ते दिसले म्हणून तर राज्याला १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यापुरता आणि पुढे २००९ मध्ये अधिक व्यापक असा भूजलाचा कायदा करावा लागला. शिवाय शेजपाळीचा शेजार चारीच्या शेवटाशी संपतो. पैठण त्यात येत नाही. बोली जेथे थांबते तेथून परिभाषा सुरू झाली पाहिजे. दोहोंपैकी एकीला हद्दपार करून दुसरी शिकविणे हा अभ्यासक्रमाचा खरा दोष होय.

ह्याच जिल्ह्यात ह्या दोन भाषांचा मेळ घातला गेल्याची उदाहरणे आहेत. हिवरेबाजारने पाण्याच्या ताळेबंदाची रीत स्वीकारली, तेव्हा 'ताळेबंद' हा दुकानदाराच्या वहीतला शब्द पावसाला लागू झाला. पडलेला पाऊस जमेला, पिकांची व माणसांची गरज खर्चाला; शिल्लक पाहून पीक ठरवावयाचे. शास्त्रीय मोजमाप आणि घरचे क्रियापद येथे एका पानावर आले. पुरवून वापरणे ह्याचेच ते लेखी रूप आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ह्या क्षेत्रात उपजीविका करू पाहणाऱ्या पदवीधराचे काम शेवटी कोणत्या स्वरूपाचे असते? २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार, जाहीर सुनावणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो; सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो. २०२० मध्ये त्या अधिसूचनेच्या नव्या मसुद्यावर वाद झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत प्रसिद्ध करण्याचा निर्देश दिला. ज्याला जो कायदा लागू होणार, त्याला तो वाचता आला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. तेव्हा ह्या पदवीधराचे काम बव्हंशी भाषांतराचे आहे : कार्यालयाच्या भाषेचे बांधाच्या भाषेत, आणि तितक्याच काटेकोरपणे बांधाच्या भाषेचे कार्यालयाच्या भाषेत. दुसरी दिशा अधिक कठीण आहे व तिचे शिक्षण कोठेच मिळत नाही. सुनावणीत उठून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने 'जमीन चोपण होईल' असे म्हटले, तर त्या एका शब्दातील तांत्रिक आक्षेप इतिवृत्तात उतरला पाहिजे. तो उतरला नाही तर शेतकऱ्याने आक्षेप घेतलाच नाही, असे कागद म्हणेल. आणि पुढचे सर्व निर्णय कागदावरून होतील.

येथे जे पणाला लागले आहे ते केवळ मराठीचे वैभव नव्हे. मराठी माध्यमातून आलेला ग्रामीण विद्यार्थी इंग्रजी अहवालांच्या बाजारात मागे पडतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते व ती खरीही आहे. परंतु त्याच्याजवळ जे आहे ते त्या बाजारात दुसऱ्या कोणाजवळ नाही, हे त्याला महाविद्यालयाने कधी सांगितले नाही. शेजपाळी, आवर्तन, चोपण, झेपणे, पुरवणे हे त्याचे शब्द अभ्यासक्रमाने अडाणी ठरविले, आणि त्यांच्या जागी ज्या संज्ञा दिल्या त्या त्याच्या अनुभवाला जोडून दिल्या नाहीत. अशा रीतीने तो दोन्ही भाषांत उपरा होतो.

उपाय अभ्यासक्रमाच्या चौकटीतच आहे. २००३ च्या आराखड्यातील आठवा घटक क्षेत्रकार्याचा होता. त्याला पाच तासिकांइतका वेळ व शंभरांपैकी पंचवीस गुण दिले होते. नव्या चौकटीनेही क्षेत्रकार्य राखले आहे. नदी, तळे, डोंगरउतार किंवा प्रदूषित स्थळ पाहून यावे व अहवाल लिहावा, अशी त्याची कल्पना. देवळालीच्या विद्यार्थ्याने हा वेळ पाटावर घालवावा. एका चारीची शेजपाळी कर्त्यासह लिहून काढावी. त्याच पानावर कलम १२ मधील तरतूद आपल्या शब्दांत उतरवावी. आणि दोहोंत काय समान व काय भिन्न ते सांगावे. प्रत्येक 'करण्यात यावे' पुढे कर्त्याचे नाव लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. ह्यासाठी नवे पद, नवा निधी किंवा नवे पुस्तक लागत नाही. लागतो तो अध्यापकाचा बोलीविषयीचा आदर, आणि तिच्या उणिवा दाखविण्याचे धैर्य.

धोरण ही अखेर वाक्ये असतात. त्या वाक्यांत कोण काय किती व केव्हा करील हे ज्याला वाचता येते, त्याचाच धोरणाचा अभ्यास झाला असे म्हणता येईल. प्रवरेच्या पाटावर हे चार प्रश्न रोज विचारले जातात. महाविद्यालयाच्या वर्गात ते विचारले जाऊ लागतील, तेव्हा त्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी नोकरीस पात्र होईलच. आणि पैठणच्या शेतकऱ्याशी बोलण्यासही पात्र होईल.